मामाने काढलेली भेग

माझा मामा रंगारी होता, आणि घरं जुनी करण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं.

हे वाचून कुणाला वाटेल की माझीच लिहिण्यात काही गफलत झाली. झालेली नाही. बाकीचे रंगारी जुनं घर नवं करून देतात, मामा धडधाकट घर जुनं करून द्यायचा. ओलीचे डाग, उडालेले पोपडे, खिडकीखाली गंजाचे ओघळ, गिलावा पडून आतली वीट दिसतेय असा भास, सगळं ब्रशने. भेगांच्या बाबतीत तर त्याचे नखरे विचारू नका. "नुसती काळी रेघ ओढली तर ती रेघच राहते," तो सांगायचा. "तिला एका बाजूने उजळ कड द्यायची. आणि मध्येच वळवायची, काही कारण नसताना. खरी भेग कुणाला विचारून जात नाही."

हा सगळा खटाटोप घरपट्टीसाठी होता. आमची गल्ली टेकडीच्या पायथ्याशी. घरं बैठी, दोन-तीन खोल्यांची, खालच्या कारखान्यात राबलेल्या माणसांनी पोटाला चिमटा घेऊन बांधलेली. मग टेकडीवर पैसेवाल्यांची नजर गेली आणि वर बंगले उठायला लागले. वरचा एक बंगला चढ्या भावाने विकला गेला, की कचेरीतले लोक म्हणायचे, या भागाची किंमत वाढली. म्हणजे आमचीही. घर तेच, छप्पर तेच, चुलीवरचं भांडं तेच, आणि घरपट्टी मात्र बंगल्यांच्या मागे धावत सुटलेली. विकायला काढलं असतं तर श्रीमंत झालो असतो, पण विकून राहायचं कुठे याचं उत्तर कचेरीकडे नव्हतं.

आकारणी करणाऱ्या बाई दर काही वर्षांनी यायच्या. रस्त्यावर उभ्या राहायच्या, घराकडे बघायच्या आणि किंमत लावायच्या. सगळा मामला दिसण्यावर. त्यामुळे बाई येणार अशी कुणकुण लागली की गल्लीत धांदल उडायची. धुतलेले पडदे उतरायचे, फुलांच्या कुंड्या परसात जायच्या, मोडकी खुर्ची पुढच्या दारात येऊन बसायची, आणि मामाला बोलावणं जायचं. ही फसवणूक होती का? होती. पण ज्याला स्वतःच्या घरात राहणं परवडेनासं झालंय त्याने काय करावं, हे सांगणारा शहाणा मला अजून भेटायचा आहे. तो भेटेपर्यंत मला कुणी नीतीचे धडे देऊ नयेत.

मामाचं स्वतःचं घर म्हणजे त्याच्या धंद्याची पाटी होती. पुढच्या भिंतीवर, खिडकीच्या कोपऱ्यापासून खाली जमिनीपर्यंत, त्याने एक लांबलचक भेग काढली होती. गिऱ्हाईक आलं की आधी तिच्यासमोर उभं करायचा. "ही बघा. अशी हवी, की जरा बारीक?" गिऱ्हाईक हात लावायला जायचं आणि बोटाला सपाट भिंत लागली की हसायचं. मामाला तेवढंच पुरायचं. पैशाच्या बाबतीत तो भोळसट होता, कौतुकाच्या बाबतीत अजिबात नव्हता.

आतमध्ये मात्र घर वेगळं होतं. आतल्या खोल्या मामाने इतक्या देखण्या रंगवल्या होत्या की बाहेरून आलेला माणूस दारातच थबकायचा. मी शिकायला म्हणून मामा-मामींकडे राहायला गेले आणि नोकरी लागल्यावरही जवळच खोली घेतली, तेव्हा हे घर मला आतबाहेरून पाठ आहे. पुढच्या खोलीत, त्या भेगेच्याच भिंतीला आतून, खांद्याच्या उंचीपर्यंत लाकडी फळ्यांचं अस्तर होतं. त्या फळ्यांना लागून मामीचं शिवणयंत्र. मामी गल्लीभरातले कपडे शिवायची, उसवायची, सैल करायची, आखूड करायची. खिडकीतला उजेड डावीकडून यायचा आणि डाव्या खांद्याशी ती भिंत. तिथे बसून तिने जन्म काढला.

मामी फार बोलणारी नव्हती. पण एक वाक्य ती दर थंडीत बोलायची.

"अहो, या भिंतीतून वारा येतो."

"भिंतीतून कसा वारा येईल?"

"खांद्याला लागतो."

"भेग बघून बघून तुला भास होतोय," मामा म्हणायचा. "अगं, ती भेग मी काढलीय. माझ्या भेगेतून वारा यायला लागला तर मला बक्षीस द्यायला हवं."

आणि तो हसायचा. मीही हसायचे, खोटं कशाला सांगू. मामी पुन्हा पायंडलवर पाय ठेवायची. कधी एखादी उरलेली चिंधी घेऊन दोन फळ्यांच्या फटीत खोचायची. पुढच्या थंडीत आणखी एक. आम्हाला वाटायचं, बाईमाणूस आहे, हाताला चाळा लागतो.

एकदा मात्र मामाची पुरती फजिती झाली. बाई आल्या त्या नेमक्या भुरभुर पावसात. जुन्या बाई निवृत्त झाल्या होत्या, या नव्या होत्या, तरुण आणि कामाला चोख. त्यांनी रस्त्यावर उभं न राहता सरळ येऊन भेगेवर रुमाल फिरवला. रुमाल काळा झाला. मामा म्हणाला, "भेग खरीच आहे मॅडम, पुसट झाली म्हणून मी जरा गिरवली." असलं उत्तर आमच्या मामालाच सुचू शकतं. बाईंनी रुमाल घडी करून पिशवीत टाकला, आणि त्या वर्षी सगळ्या गल्लीत मामाच्या घराला सगळ्यात जास्त पट्टी बसली. मामीने रात्रंदिवस शिवून ती भरली. मामाने त्यातून एकच धडा घेतला. तो पाण्याचा रंग सोडून तेलाचा वापरायला लागला.

भेग त्याने पुसली नाही ती नाहीच. पुसली तर बाईंचं खरं ठरेल ना. उलट दरवर्षी तो तिच्यावरून गडद ब्रश फिरवायचा आणि मागे सरकून बघायचा. "जुनी होतेय तशी खुलतेय," मला म्हणायचा. "आता मलासुद्धा खोटी वाटत नाही."

मग नवा नियम आला. तो असा आपसूक आला नाही. आमच्यासारख्या गल्ल्या सगळीकडेच होत्या, आणि लोकांनी सह्या गोळा केल्या, सभा भरवल्या, कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. शेवटी ठरलं ते साधं होतं. जो माणूस स्वतःच्या घरात स्वतः राहतो, त्याच्या घराची आकारणी दरवर्षी ठरलेल्या मर्यादेबाहेर वाढवायची नाही, शेजारचा बंगला कितीही किमतीला जावो. दोनच गोष्टींनी ही मर्यादा सुटायची. घर विकलं तर, किंवा नवं बांधकाम केलं तर. मग पुन्हा बाजारभावाने पहिल्यापासून किंमत.

सह्या गोळा करायला लोक मामाकडे आले तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे माझ्या पोटावर मीच पाय आणायचा?" आणि सही केली.

त्याची भीती खोटी ठरली. दिसण्यावर काही अवलंबून राहिलं नाही म्हटल्यावर गल्लीला एकदम रंगाचं वेड लागलं. ज्या भिंतींवर मामाने पोपडे काढले होते, त्याच भिंती लोकांनी त्याच्याकडूनच घासून घेतल्या. निळी, हिरवी, गुलाबी घरं. कुंड्या परसातून पुढे आल्या. मामाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. सगळी गल्ली उजळली, आणि मधोमध एकच घर तसंच, डागाळलेलं, भेगाळलेलं. रंगाऱ्याचं.

मामीने एक दोऱ्याचं रीळ बाजूला काढून ठेवलं होतं. फिकट पिवळं, ताज्या लोण्यासारखं. "असा रंग द्या पुढून," ती म्हणाली.

"देऊ. पुढच्या वर्षी."

"सगळ्यांचे झाले."

"अगं, नियम आज आहे, उद्या काढून घेतील. मग हीच लोकं माझ्याकडे रडत येतील, आणि दाखवायला नमुना नको?"

रीळ यंत्राच्या खणात पडून राहिलं. मला मामाचा इतका राग यायचा, पण त्याच्या तोंडाला लागण्यात अर्थ नव्हता. त्याला ती भेग आवडायची, इतकं साधं होतं ते. त्याच्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम ती होती.

त्यानंतरच्या थंडीत मामीचा डावा हात खांद्यातून वर जाईना. केस विंचरायला तिला माझी मदत लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, गारव्यात बसत जाऊ नका. मामीने ते ऐकून घेतलं, घरी आली आणि शांतपणे म्हणाली, "मी थंडी संपेपर्यंत बहिणीकडे जाऊन राहते. तिच्याकडे उबदार आहे." त्या दोघांच्या संसारात हे वाक्य पहिल्यांदाच आलं होतं. रात्री मामा जेवला नाही आणि सकाळी खणातलं रीळ घेऊन रंगाच्या दुकानात गेला.

मी त्या दिवशी तिथेच होते. मामाने पुढची भिंत घासायला घेतली. पोपडे गेले, ओलीचे डाग गेले, गंजाचे ओघळ गेले. भेगेपाशी येऊन तो जरा थांबला. मग खरवडायची पत्री तिरकी धरली आणि वरून खाली ओढली.

रंग निघाला. भेग निघाली नाही. त्याने पुन्हा पत्री लावली, जरा जोराने, आणि ती मुठीपर्यंत आत गेली.

मामाने पत्री बाहेर काढली. तिच्याकडे बघितलं, मग वाकून भेगेला कान लावला. मी विचारलं, "काय झालं रे?" तो म्हणाला, "ही माझी नाही."

गवंड्याला बोलावलं. हा गवंडी मामाचा जुना दोस्त. त्याने भिंत ठोकली, भेगेत तार घातली, आणि कपाळाला हात लावला. वर बंगल्यांचे पाये खणताना जमीन हादरायची, तेव्हापासून कधीतरी भिंत खचायला लागली असणार. खरी भेग मामाच्या भेगेच्या आडून वाढत गेली, आणि दरवर्षी तिला गडद करत आपला मामा तिच्यावर खूश होत राहिला. "खिडकीपासून कोपऱ्यापर्यंत सगळी पाडून नवी उभी करावी लागेल," गवंडी म्हणाला. "आणि लवकर. छपराचा भार आहे हिच्यावर."

पाडून नवी. हे दोन शब्द ऐकले आणि मला नियमातली अट आठवली. कचेरीने जर म्हटलं की हे नवं बांधकाम आहे, तर मर्यादा सुटणार आणि घराची किंमत बंगल्यांच्या पंगतीला जाऊन बसणार. ती पट्टी मामीला दोन्ही हात धड असतानाही शिवून भरता आली नसती. घर विकायला लागलं असतं. मोडकळीला आलेली भिंत जशीच्या तशी पुन्हा बांधली तर ती दुरुस्ती धरतात, हेही नियमात होतं. पण भिंत खरंच मोडकळीला आलीय हे बाईंनी पाडण्याआधी येऊन बघायला हवं. त्याच बाई, रुमालवाल्या.

कचेरीत कळवलं, तेव्हा बाई संध्याकाळी उशिरा आल्या. दिवसभर दुसरीकडे फिरून दमलेल्या होत्या. भिंतीसमोर उभ्या राहिल्या आणि मामाकडे वळल्या.

"या भेगेला मी ओळखते," त्या म्हणाल्या.

"ती वेगळी होती मॅडम. ही खरी आहे."

"तेव्हाही तुम्ही हेच म्हणाला होतात."

मामाने मान खाली घातली. मग पत्री आत घालून दाखवली. बाई म्हणाल्या, "गिलावा छिन्नीने कुणीही कापेल. भिंत आतपर्यंत गेलीय हे मला कसं कळावं?" गवंडी पुढे होऊन सांगायला लागला, तर त्यांनी विचारलं, "तुम्ही यांचे कोण?" गवंडी म्हणाला, "दोस्त." तो खोटं बोलू शकला असता, पण ते त्याला वेळेवर सुचलं नाही. बाई उद्धट नव्हत्या, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यांनी आवाजही चढवला नाही. त्या मामावर विश्वास ठेवू शकत नव्हत्या, एवढंच, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. मी मामाकडे बघितलं. जन्मभर ज्याने खोट्याचं खरं करून दाखवलं, त्याला खऱ्याचं खरं करून दाखवता येत नव्हतं. मला त्याची कीव आली आणि त्याचा रागही आला, दोन्ही एकदम.

बाईंनी पेन बंद केलं. त्या निघणार तेवढ्यात दारातून मामीचा आवाज आला.

"जरा थांबा हं, बाई. अंधार पडू दे. मी आत जाते."

आम्हाला काही कळेना. मी तिच्या मागून आत गेले. मामीने खिडकीची दारं लावून घेतली. मग खुर्चीवर बसली, जिथे ती नेहमी बसायची तिथेच, आणि उजव्या हाताने फळ्यांच्या फटीतल्या चिंध्या ओढायला लागली. एक निघाली, तिच्या मागे दुसरी, तिसरी. निळ्या फ्रॉकची, करड्या पँटची, कुणाच्या लग्नातल्या जरीच्या काठाची. इतक्या वर्षांच्या थंड्या त्या फटीतून बाहेर येत होत्या. शेवटची चिंधी ओढली तसा माझ्या चेहऱ्यावर गार वारा आला. मी मामीकडे बघितलं. ती म्हणाली, "दिवा लाव."

यंत्राचा छोटा दिवा मी लावला आणि तिने तो फटीला भिडवून धरला.

मी दारात जाऊन बघितलं. भिंतीवर एक उजेडाची रेघ उमटली होती. बारीक, वाकडी, मध्येच कारण नसताना वळलेली. रस्त्याने जाणारी माणसं थांबून बघत होती. बाई जवळ गेल्या. त्यांनी उजेडावर तळहात धरला, बाजूला घेतला, पुन्हा धरला. मग पेन उघडलं.

"हे मात्र तुम्हाला रंगवता येणार नाही," त्या मामाला म्हणाल्या. त्यांच्या ओठांवर थोडं हसू होतं. "दुरुस्ती म्हणून लिहिते. भिंत होती तेवढीच बांधा, वीतभरही पुढे नको. तुमची मर्यादा सुटत नाही. आणि आजपासून या खोलीत कुणी झोपू नका."

गवंड्याने मोठा सुस्कारा सोडला. मी बाईंचे आभार मानले, पाणी विचारलं. मामाने आभार मानले नाहीत. बाई काय म्हणाल्या ते त्याला ऐकू तरी गेलं की नाही, कोण जाणे. तो त्या उजेडाकडे बघत होता. उजेडाची रेघ जिथे सगळ्यात रुंद होती ती जागा जमिनीपासून फार वर नव्हती. खुर्चीवर बसलेल्या बाईचा खांदा जेवढ्या उंचीवर येतो, तेवढीच. मामाने हात पुढे केला, तिथे धरला आणि तसाच उभा राहिला. आतून मामी विचारत होती, "झालं का? दिवा काढू?"

भिंत पाडली, भिंत बांधली. मामी तेवढे दिवस माझ्या खोलीवर राहिली. मामाने गवंड्याच्या हाताखाली विटा उचलल्या, सिमेंट कालवलं, आणि एकदाही कुणाला हसवलं नाही, हे त्याच्या बाबतीत आजारपणाचं लक्षण होतं. भिंत सुकल्यावर त्याने रीळ खिशात ठेवून रंग कालवला. सात वेळा कालवून सात वेळा फेकला म्हटलं तरी चालेल. सपाट, एकरंगी भिंत देणं त्याला अवघड जात होतं. जरा कुठे सावली दिसली की पुन्हा हात मारायचा. शेवटी मामीनेच सांगितलं, "पुरे झालं हो. छान आहे."

पुढून ते घर आता लोण्याच्या रंगाचं दिसतं. जुनी गिऱ्हाइकं चेष्टा करतात, "मामा, नमुना कुठे गेला?" मामा म्हणतो, "मोडला."

पुढच्या वर्षी थंडी पडली त्या पहिल्याच संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले होते. फळ्यांचं अस्तर काढून टाकलं होतं. मामी यंत्रावर बसली होती, डावा हात अजून पुरता वर जात नव्हता, पण कापड धरण्यापुरता चालत होता. मामा तिच्या शेजारी जमिनीवर बसून ब्रश धूत होता. बाहेर वारा सुटला होता, दार हलत होतं. मामीने कापड सरकवत सहज म्हटलं, "आता नाही येत हो वारा."

मामाने ब्रश बाजूला ठेवला. ओले हात विजारीला पुसले आणि भिंतीला तळवा टेकवला.

"येत होता," तो म्हणाला. "इतकी वर्षं येत होता."